बसमधला लॅपटॉप, खिडकीतले ऊन आणि आपले डोळे

नाहूर, भांडुप, मुलुंडच्या वस्त्यांतून सकाळी कामाला निघणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या खांद्याला आता डब्याच्या पिशवीबरोबर लॅपटॉपची बॅगही असते. कुणी ऐरोलीच्या कंपनीत आकडे भरतो, कुणी महापेला हिशेबाचे काम करते, कुणी अंधेरीला जाऊन फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकते. ज्या घरात एक पिढी आधी गिरणीचा पास, गोदीचा बिल्ला किंवा पालिकेच्या सफाई खात्याची नोकरी होती, त्या घरात ही बॅग आली याचा आम्हाला आनंदच आहे. हप्त्यावर घेतलेली असली तरी आनंद आहे.

पण ही बॅग हल्ली कचेरीत पोचायच्या आधीच उघडते. मुलुंडहून ऐरोलीकडे निघालेल्या बसमध्ये, शेअर रिक्षात, कधी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही. मांडीवर लॅपटॉप, खिडकीतून सरळ ऊन, आणि त्यात डोळे बारीक करून मान पुढे काढून बसलेला आपला मुलगा. संध्याकाळी घरी आला की डोके धरून बसतो. आई म्हणते पित्त झाले. मेडिकलवाला एक गोळी आणि एक डोळ्याचा थेंब देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्हाला याच सवयीविषयी बोलायचे आहे, आणि आमचे मत आधीच सांगून टाकतो: घर ते कचेरी या प्रवासात लॅपटॉप उघडू नये, आणि ज्यांनी तो उघडायला लावला आहे त्यांना तसे सांगायला आपण शिकले पाहिजे.

उन्हात पडद्यावरचे दिसत का नाही, हे आधी समजून घेऊ. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका सुईत दोरा ओवायचा असला की उठून दारात जातात. आजोबा वर्तमानपत्र घेऊन उंबऱ्यात बसतात. त्यात दोन गोष्टी घडतात. एक, कागद स्वतः उजेड देत नाही, त्याच्यावर पडलेला उजेड तो परत फेकतो. म्हणून जितका उजेड जास्त तितकी अक्षरे ठळक. दुसरी, भरपूर उजेडात डोळ्याची बाहुली आकसते आणि बारीक भोकातून पाहिल्यासारखे चित्र नेमके होते. चाळिशी लागलेल्या डोळ्याला त्याचा फार उपयोग होतो. म्हणजे दारात जाणारी आजी अगदी बरोबर करत असते.

त्याच उंबऱ्यात नातू लॅपटॉप घेऊन बसला तर त्याला मात्र काही दिसत नाही. लॅपटॉपचा पडदा आतल्या दिव्याने उजळतो, आणि त्या दिव्याची ताकद ठरलेली असते. पडद्याची उजळी मोजायचे माप आहे निट. आपल्या घरांत येणारे साधे लॅपटॉप २५० ते ३०० निटचे असतात, महागडे ४०० ते ५०० निटचे. चांगले मोबाइल उन्हात हजाराच्या वरही जातात, म्हणून मोबाइल उन्हात वाचता येतो आणि लॅपटॉप नाही. आता ऊन पाहा. कचेरीतल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. भर दुपारच्या थेट उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास जातो. त्या उन्हात आपला पांढरा शर्ट पंचवीस हजार निटइतका झळाळतो. चकचकीत पडद्याची काच त्यातला साधारण पंचविसावा हिस्सा आपल्याकडेच परत फिरवते, म्हणजे हजार निट. पडदा स्वतः देतो तीनशे. तिप्पट उजेडाच्या शर्टाचे प्रतिबिंब अक्षरांवर पसरले की अक्षरे बुडणारच. यात लॅपटॉप हलका निघाला असे काही नाही. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही.

या हिशेबातून एक गंमतीची गोष्ट निघते. आपण मंगलप्रसंगी पांढरी वस्त्रे घालतो, ती घालावीतच. पण बसमध्ये लॅपटॉप उघडायची वेळ आलीच तर त्या दिवशी अंगात गडद शर्ट किंवा गडद ओढणी असलेली बरी. पांढऱ्या शर्टवाल्याला पडद्यात स्वतःचाच सदरा दिसतो.

डोळ्यांचे काय होते? बाहेर झगझगीत ऊन असले की बाहुली आकसते. आकसलेल्या बाहुलीने अंधुक पडद्याकडे पाहिले की तो आणखी काळा वाटतो. मग माणूस डोळे किलकिले करतो, कपाळाच्या आणि पापण्यांच्या स्नायूंना आठ्या घालून धरतो, मान खाली-पुढे नेतो. तासाभराने कपाळ आणि मानेचा मागचा भाग ठणकायला लागतो. त्यातच पापण्या लवणे कमी होते. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, पडद्याकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्याहून खाली जाते. उघड्या खिडकीतून वारा आणि धूळ येत असते. डोळ्यावरचे पाण्याचे पातळ अस्तर वाळते, डोळा खुपतो, लाल होतो, आणि गंमत म्हणजे कोरडा झालेला डोळाच पाण्याने भरून येतो. त्या पाण्यामुळे पुष्कळांना वाटते की आपल्याला कोरडेपणा नाही.

त्यावर गाडीचे हलणे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगत असतो की आपण चाललो आहोत, वळलो, धक्का बसला. डोळे सांगतात की समोर ओळी स्थिर आहेत. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि पोटात ढवळते. यालाच आपण गाडी लागणे म्हणतो. लिंबू चघळून ते थांबत नाही. नजर लांब, रस्त्यावर किंवा क्षितिजावर ठेवली की थांबते. शिवाय झाडांच्या सावल्या, पुलाचे खांब, रुळांशेजारच्या इमारती यांतून ऊन-सावली-ऊन-सावली असे झपझप येत राहते आणि बाहुलीला क्षणाक्षणाला जुळवून घ्यावे लागते. ज्यांना फिट येतात त्यांच्यातल्या काहींना अशा लुकलुकत्या उजेडाने फिट येऊ शकते. घरात असे कुणी असेल तर त्याने उन्हाच्या बाजूची खिडकी टाळावी आणि चालत्या गाडीत पडदा उघडूच नये.

आता आपल्या नाहूरपुरते थोडे. सूर्य कुठून येतो हे प्रवासाच्या आधी कुणी विचारात घेत नाही, पण मध्य रेल्वेवर त्याचा नियम अगदी सोपा आहे. मुलुंड-नाहूरकडून दादरकडे जाणारा रूळ दक्षिणेकडे, जरा पश्चिमेला झुकून जातो. सकाळी सीएसएमटीच्या दिशेने तोंड करून बसलात तर ऊन डाव्या हाताला. संध्याकाळी परतताना गाडी उत्तरेला तोंड करते आणि सूर्य पश्चिमेला गेलेला असतो, म्हणजे ऊन पुन्हा डाव्याच हाताला. जाता-येता उजवी बाजू सावलीची. लालबहादूर शास्त्री मार्गाने किंवा पूर्व द्रुतगती मार्गाने बसने जाणाऱ्यांनाही हाच नियम लागू. लोकलमध्ये बाजू निवडायची चैन कुणाला, असे आपण म्हणाल. खरे आहे. नाहूरला जलद गाडी थांबत नाही, आणि सकाळच्या धीम्या गाडीत उभे राहायला मिळाले तरी पुष्कळ. पण संध्याकाळी दादरला किंवा सीएसएमटीला रिकामी गाडी लागते तेव्हा निवड असते.

ऐरोलीवाल्यांची गोष्ट वेगळी, आणि आमच्या मते जास्त वाईट. मुलुंडहून ऐरोली पुलाने जाताना बस पूर्वेकडे चालते. सकाळचा सूर्य समोरून. संध्याकाळी परतताना बस पश्चिमेला, पुन्हा सूर्य समोरून. मिठागरांच्या मोकळ्या पट्ट्यात आणि खाडीवर ना इमारत ना झाड. वर पाण्यावरची चमक. समोरच्या काचेतून ऊन तोंडावर येत असताना त्याच्या खालच्या अंधुक पडद्यावर काम करणे म्हणजे गाडीच्या हेडलाइटकडे तोंड करून पुस्तक वाचणे. पुलावरची ती दहा-पंधरा मिनिटे तरी लॅपटॉप मिटून ठेवा. डोळे मिटा किंवा खाडी पाहा. थंडीत तिथे रोहितही येतात.

आता मुलांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ती बसमध्ये लॅपटॉप उघडतात त्याला कारणे आहेत. दहा बाय बाराची खोली. सकाळी पाण्याची वेळ, स्वयंपाक, शाळेत जाणारे भाऊबहीण, एकच पंखा आणि एकच प्लग. तिथे लॅपटॉप मांडायला जागा नाही. रात्री दिवा लावला तर आजोबांची झोप मोडते. मग बसमधली जागा हीच त्याची पहिली ‘खोली’ होते. हे आपल्याला नवीन नाही. आपल्या कित्येकांचे शिक्षण रस्त्याच्या दिव्याखाली झाले, ते हौसेने नव्हे.

दुसरे कारण कामावरचे आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलीला तिच्या साहेबाने सांगितले की हजेरी नवाची असली तरी साडेआठपर्यंत कालच्या कामाचा तक्ता पाठवलेला हवा. साडेआठला ती बसमध्ये असते. म्हणजे तो अर्धा तास कामाचा आहे, पण पगारात नाही. ती नाही म्हणू शकत नाही, कारण घरातली ती पहिली कचेरीवाली आहे आणि हप्ते तिच्या पगारावर चालू आहेत. अशा मुलीला आम्ही ‘डोळे सांभाळ’ एवढाच उपदेश केला तर तो पोकळ आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही चालणाऱ्या कारखान्यांतले आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. त्या सहा तासांसाठी किती वाद झाले असतील! आणि आज आपलीच मुले तेच सहा तास बसच्या सीटवर बसून, डोळे किलकिले करून, गुपचूप परत देत आहेत. रोज जाताना अर्धा आणि येताना अर्धा तास धरा, सहा दिवसांचे सहा तास होतात. कारखान्याचा कायदा कचेरीला जसाच्या तसा लागू होत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण हिशेब तोच आहे. म्हणून आमचे म्हणणे आहे की हे काम लिहून ठेवावे: किती वाजता पाठवले, किती वेळ लागला. महिनाभराची वही घेऊन दोघा-तिघांनी मिळून साहेबाशी बोलावे. एकट्याने बोलू नये. ‘प्रवासात गाडी लागते, डोळे दुखतात, चुका होतात, तक्ता साडेनवाला पाठवते,’ ही मागणी काही मोठी नाही. चुका होतात हे वाक्य साहेबाला चटकन समजते.

पण आपल्या वस्त्यांत लॅपटॉपवाल्यांपेक्षा हँडलवाले जास्त आहेत. खाण्याचे डबे आणि किराणा पोचवणारी मुले, ॲपवर चालणारे रिक्षावाले, दुचाकी टॅक्सीवाले. यांचा पडदा दिवसभर उन्हातच असतो, तोंडासमोर, आणि तो पाहिल्याशिवाय पत्ता सापडत नाही. उन्हामुळे नकाशा दिसत नाही म्हणून नजर जास्त वेळ खाली राहते. साधा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दोन सेकंद खाली पाहिले की २२ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन एसटी बसची लांबी, न पाहता गेलात. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावर किंवा भांडुपच्या गर्दीत २२ मीटरांत काय काय येते ते आपण जाणता. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन वापरणे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. २०२० साली नियमांत बदल करून फक्त रस्ता पाहण्यापुरती, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, सवलत दिली. नकाशाची सवलत आहे, नवीन ऑर्डरचा मेसेज वाचण्याची नाही.

या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो: निघण्याआधी सावलीत थांबून सगळा रस्ता एकदा पाहून घ्या, आणि मग आवाज चालू ठेवा. ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ हे कानाने ऐकता येते, त्याला नजर लागत नाही. एकाच कानात इअरफोन ठेवा किंवा फोनचाच आवाज मोठा करा, म्हणजे मागच्या हॉर्नचा अंदाज राहतो. फोनवर छोटी छत्री लावतात ती हसण्यासारखी दिसते, पण काम करते. सावलीही देते आणि पावसातही उपयोगी पडते. फोनचा कोन असा ठेवा की पडद्यात आकाश न दिसता तुमच्याच गडद जॅकेटचे प्रतिबिंब दिसेल.

लॅपटॉप उघडण्यावाचून गत्यंतरच नसेल तेव्हाही काही गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो. पडदा आधी मऊ कोरड्या फडक्याने पुसा. बोटांचे तेलकट डाग उन्हात धुक्यासारखे पसरतात. उजळी पूर्ण वाढवा. अक्षर मोठे करा, दीडपट तरी. पुष्कळ मुलांना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आवडतात. रात्री अंधारात ते ठीक, उन्हात मात्र काळा पडदा आरशासारखा वागतो. उन्हात पांढऱ्यावर काळे हेच बरे. पडद्यावर चिकटवायची मॅट फिल्म मिळते, तिने प्रतिबिंब मोडते, अक्षर जरा धूसर होते. पैसे घालवायचे नसतील तर काळा पुठ्ठा किंवा जुनी फाइल पडद्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना टोपीसारखी धरा. बाहेर छायाचित्रे काढणारे लोकही असाच आडोसा वापरतात. आणि लिहिण्यापेक्षा ऐकण्याचे काम प्रवासात ठेवा. मीटिंग कानाने ऐकता येते.

चष्म्यांच्या बाबतीत आपल्या लोकांचे पैसे फार वाया जातात, म्हणून थोडे सविस्तर. स्टेशनबाहेर मिळणारा काळा गॉगल गडद असतो, पण तो अतिनील किरण अडवेलच असे नाही. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवत नसेल तर ते उलट जास्तच आत जातात. घ्यायचाच तर ‘यूव्ही ४००’ लिहिलेला घ्या आणि ओळखीच्या चष्मेवाल्याकडून त्याच्या यंत्रावर तपासून घ्या. हे काम मिनिटाचे असते. पोलराइज्ड गॉगल रस्त्यावरची आणि पाण्यावरची चमक चांगली कापतो, पण तो घालून लॅपटॉप किंवा मोबाइल पाहिला तर काही कोनांत पडदा अगदी काळा दिसतो. डोळे गेले म्हणून घाबरू नका. पडद्यातून निघणारा उजेड एकाच दिशेने कंप पावणारा असतो आणि गॉगल नेमका तोच अडवतो. मान थोडी वाकडी केली की दिसू लागते. दुचाकीवाल्यांनी असा गॉगल घेण्याआधी आपल्या फोनचा नकाशा त्यातून दिसतो का, हे दुकानातच पाहावे.

निळा उजेड अडवणारा चष्मा मात्र आम्ही घेऊ नका असेच म्हणतो. हजार-दोन हजार रुपये जास्त लावून तो आपल्या मुलांच्या गळ्यात मारला जातो. २०२३ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेने सतरा चाचण्या एकत्र पाहिल्या. पडद्याने येणारा डोळ्यांचा शीण या चष्म्यांनी कमी होतो असे थोड्या काळाच्या या चाचण्यांत दिसले नाही. शिवाय पडद्यापेक्षा कितीतरी जास्त निळा उजेड बसच्या खिडकीतून सूर्यच देतो. तेच पैसे खऱ्या नंबरच्या चष्म्याला लावा.

चाळिशी ओलांडलेल्या बहिणींना एक सांगणे. मोबाइलवर बचत गटाचे मेसेज वाचताना हात लांब करावा लागतो, उन्हात फोन नेला की थोडे बरे दिसते, म्हणून तुम्ही उन्हात उभ्या राहून वाचता. तो वाचण्याच्या चष्म्याचा इशारा आहे. स्टेशनवर तयार चष्मा मिळतो. तो घातल्याने डोळा बिघडत नाही, पण त्यात दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच असतो, आणि काचबिंदू किंवा मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम त्यात कळत नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी वर्षातून एकदा बाहुलीत थेंब घालून डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यायलाच हवा.

उष्णतेचे दोन शब्द. बंद गाडीत उन्हात ठेवलेला लॅपटॉप किंवा फोन म्हणजे तापलेला तवा. बहुतेक कंपन्या ३५ अंशांच्या आतल्या हवेत वापरा असे सांगतात. आपला मार्च ते मे त्याच्या सीमेवर असतो आणि थेट ऊन काळ्या झाकणाला त्याच्या कितीतरी पुढे नेते. मशीन मंदावते, बंद पडते, बॅटरीचे आयुष्य घटते. बॅटरी फुगून टचपॅड वर आले असेल तर ते मशीन चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. गादीवर तर अजिबात ठेवू नका. आपल्या दाटीवाटीच्या वस्तीत एक पेट घेतलेली बॅटरी एका घराचे नुकसान करून थांबत नाही. मांडीवर तापलेला लॅपटॉप रोज ठेवला तर मांडीच्या कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडतात. बॅग किंवा जाड वही मध्ये घ्या.

आता त्या मेडिकलवाल्याच्या थेंबाविषयी, कारण आमच्या मते या सगळ्या प्रकरणात खरा घात तिथे होतो. लाल डोळ्यावर लगेच आराम देणाऱ्या पुष्कळ थेंबांत स्टिरॉइड असते. दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, म्हणून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते, घरातल्या दुसऱ्यालाही घातली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन् महिने स्टिरॉइडचे थेंब घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल असे काही लिहिले असेल तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरांनी या दुखण्यासाठी, इतक्या दिवसांसाठी असे लिहून दिले नसेल तर घालू नका. नुसत्या कोरडेपणाला आधी पापण्या मुद्दाम लववणे, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहणे, वाऱ्याकडून तोंड वळवणे, एवढ्याने पुष्कळ उतार पडतो. नाही पडला तर डॉक्टर.

आणि ज्याला आपण पित्त म्हणतो त्यातले काही पित्त नसते. एका डोळ्यात जोराची कळ, डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत वलये, डोकेदुखी आणि उलटी असे एकत्र आले तर तो डोळ्यातला दाब एकदम वाढल्याचा प्रकार असू शकतो. डोळ्यासमोर अचानक ठिणग्या, काळे ठिपके, किंवा बाजूने पडदा आल्यासारखे वाटले तर आतला पडदा सुटत असू शकतो. या दोन्हींत त्याच दिवशी नेत्रविभाग गाठायचा. आपल्याकडून घाटकोपरचे राजावाडी आणि सायनचे लोकमान्य टिळक ही पालिकेची रुग्णालये जवळ आहेत. खाडा पडेल म्हणून रविवारची वाट पाहू नका.

हे सगळे वाचून कुणी मुलांना उन्हात जाऊ देणार नाही, तर ते उलटेच होईल. मुलांच्या डोळ्यांना उन्हाची गरज आहे, फक्त पडद्याशिवाय. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्त मैदानात नेले. तीन वर्षांनी लांबचे न दिसण्याचा दोष त्या मुलांत ३०.४ टक्के आणि बाकीच्यांत ३९.५ टक्के आला; हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या गल्ल्या अरुंद, घरे अंधारी, आणि मुले त्या अंधारात मोबाइल नाकाशी धरून बसलेली. सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन त्यांना मिळाले पाहिजे, आणि तेव्हा मोबाइल घरी राहिला पाहिजे. फळ्यावरचे दिसत नाही असे मूल म्हणाले तर शाळेतल्या आरोग्य तपासणीची वाट पाहत वर्ष घालवू नका. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि त्यात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. शिक्षकांकडे आणि पालिकेच्या दवाखान्यात विचारा, मागून घ्या.

राहिला जागेचा प्रश्न. आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे आणि विहाराला जोडून अभ्यासिका किंवा निदान एक रिकामी खोली आहे. ती संध्याकाळी मुलांसाठी उघडते. सकाळी तिला कुलूप असते. सकाळी सहा ते आठ ती उघडी ठेवली, चार टेबले भिंतीकडे तोंड करून आणि खिडकी बाजूला येईल अशी लावली, सहा प्लगचा एक बोर्ड बसवला, तर ऐरोलीची बस पकडणाऱ्या आपल्या मुलींचा तो साडेआठचा तक्ता तिथूनच जाऊ शकेल. विजेचे बिल थोडे वाढेल. ते वापरणाऱ्यांनी वाटून घ्यावे, म्हणजे समितीला हरकत राहणार नाही. किल्ली कुणाकडे राहील हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर आठव्या दिवशी पुन्हा कुलूप दिसेल.